लाल रेघेच्या आतली घरं

शिकागोला जाऊन आलेला मराठी माणूस साधारणपणे तीन गोष्टी सांगतो. १८९३ साली विवेकानंद जिथे बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत पाहिली. समुद्रासारखं वाटणारं मिशिगन सरोवर पाहिलं. आणि सिअर्स टॉवरच्या १०३व्या मजल्यावर काचेच्या सज्जात उभं राहून, खाली न बघता, फोटो काढून घेतला. त्या टॉवरचं नाव २००९ सालीच बदलून विलिस टॉवर झालं, पण आपल्या लोकांच्या तोंडी अजून सिअर्सच आहे. मुलीकडे गेलो तेव्हा मीही या तिन्ही गोष्टी यथासांग केल्या. चौथी मात्र घरच्यांच्या मनाविरुद्ध केली. पहिला, मूळचा सिअर्स टॉवर ज्या वस्तीत उभा आहे, त्या नॉर्थ लॉनडेलमध्ये एक अख्खा दिवस पायी भटकून आलो.

‘‘बाबा, तिकडे कशाला?’’ मुलगी म्हणाली. जावई शांत स्वभावाचे. ते म्हणाले, ‘‘तो एरिया चांगला नाही, बाबा. आमचंही कधी जाणं झालेलं नाही.’’

‘‘मग चांगला नाही हे कळलं कसं?’’

ते हसले. ‘‘सगळेच म्हणतात.’’

हे ‘सगळेच म्हणतात’ ऐकलं आणि मला तीस वर्षांपूर्वीचं माझं बँकेतलं टेबल आठवलं. त्याविषयी शेवटी सांगेन.

तिकडे जावंसं वाटलं ते एका पुस्तकामुळे. मुलीच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बेरिल सॅटर या इतिहासकार बाईंचं २००९ साली आलेलं ‘फॅमिली प्रॉपर्टीज’ हाती लागलं. त्यांचे वडील मार्क सॅटर लॉनडेलमध्ये वाढलेले वकील. फसवल्या गेलेल्या घरखरेदीदारांचे खटले लढता लढता १९६५ साली, पन्नाशीच्या आतच ते वारले. पुस्तक आहे घरांविषयी, हप्त्यांविषयी, गहाणखतांविषयी. सारी हयात कर्जखात्यात घालवलेल्या माणसाला ते रात्री दोनपर्यंत जागवायला पुरेसं होतं.

शहराच्या मध्यभागातून ‘पिंक लाइन’ची गाडी पकडली. ही रेल्वे बराचसा प्रवास लोखंडी खांबांवरून, घरांच्या माडीच्या उंचीने करते. त्यामुळे लोकांचे मागचे जिने, वाळत घातलेले कपडे, कुंड्या असं सगळं दिसत जातं. आपल्या गिरगावातून गाडी गेल्यासारखं. सेंट्रल पार्क या स्टेशनवर उतरलो आणि पहिल्याच गल्लीत थबकलो. ‘चांगला नाही’ असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, तो भाग इतका देखणा असेल असं वाटलं नव्हतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी चुनखडी दगडाची दुमजली-तिमजली घरं. इथे त्यांना ग्रेस्टोन म्हणतात. दर्शनी भागाला कमानी, कोरीव खांब, एखाद्या गढीला शोभेल असा अर्धगोल सज्जा, आणि चार-सहा पायऱ्या चढून जायचं दार. दगड फक्त पुढच्या बाजूला. बाजूच्या आणि मागच्या भिंती साध्या विटांच्या. म्हणजे खर्च जपून केलेला, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला घराची अब्रू दिसली पाहिजे! ही मध्यमवर्गीय वृत्ती कुठल्याही देशात ओळखू येते. हा दगड शेजारच्या इंडियाना राज्यातल्या खाणींतून येत असे.

या घरांना ‘टू-फ्लॅट’ असंही नाव आहे. खाली मालकाचं बिऱ्हाड, वर भाडेकरू. भाड्याच्या पैशांत कर्जाचा हप्ता भागवायचा आणि पंचवीस-तीस वर्षांत घर आपलं करायचं. आपल्याकडच्या वाड्यांमागे तरी दुसरा कुठला हिशेब होता? पोलंड, रशिया, बोहेमिया अशा ठिकाणांहून नेसत्या वस्त्रांनिशी आलेली माणसं या टू-फ्लॅटच्या शिडीने मध्यमवर्गात चढली. कारखाने जवळच होते. शेतीची यंत्रं बनवणारा मॅकॉर्मिकचा कारखाना १८७३ पासून शेजारी होता. पुढे वेस्टर्न इलेक्ट्रिक आली. आणि १९०६ साली सिअर्स कंपनीने इथे आपलं प्रचंड संकुल उभारलं. टपालाने माल मागवण्याचा तो धंदा. सुईदोऱ्यापासून शिलाईयंत्रापर्यंत सारं काही इथून अमेरिकेच्या खेडोपाडी जायचं. १९०८ ते १९४० या काळात तर सिअर्सने कॅटलॉगमधून चक्क घरं विकली. लाकूड, खिळे, खिडक्या आणि नकाशा असा सगळा संच रेल्वेने यायचा! त्या संकुलातला चौदा मजली मनोरा अजून उभा आहे. तोच पहिला सिअर्स टॉवर.

तिथून डग्लस बुलेवार्डवर आलो. मधोमध हिरवळीचा रुंद पट्टा, मोठमोठी झाडं. १९३० च्या सुमारास इथली लोकसंख्या लाखाच्या वर होती आणि तिचा मोठा हिस्सा ज्यू होता. रस्त्याकडेला त्यांची प्रार्थनामंदिरं ओळीने उभी आहेत. आता ती कृष्णवर्णीयांची चर्चेस आहेत. ‘स्टोन टेंपल बॅप्टिस्ट चर्च’ ही मूळची रुमानियन ज्यूंची वास्तू. तिच्यावर डेव्हिडचे तारे आजही तसेच आहेत. कुणी ते खरवडून काढलेले नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग इथे बोलले होते. एका धर्माच्या खुणा दुसऱ्या धर्माने इतक्या सहज सांभाळलेल्या पाहून बरं वाटलं, हे कबूल करतो.

आणखी पश्चिमेला गेलं की ‘के-टाउन’ लागतं. कार्लोव्ह, कीलर, किल्डेअर, कोलिन... सगळ्या रस्त्यांची नावं ‘के’ने सुरू होतात. इंडियाना राज्याच्या हद्दीपासून मोजत आलं की हा अकरावा मैल आणि ‘के’ हे इंग्रजीतलं अकरावं अक्षर, इतकं साधं त्याचं कारण. या भागाची २०१० साली राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली आहे.

मात्र हे सारं पाहताना एक गोष्ट डोळ्यांना सतत टोचत राहते. चार घरं सलग, मग गवत माजलेला मोकळा प्लॉट. पुन्हा दोन घरं, पुन्हा मोकळा प्लॉट. पडलेल्या दातांच्या जबड्यासारखी गल्ली. १९६० साली इथे सव्वा लाखाच्या आसपास माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत ती पस्तीस हजारांच्या आत आली. बाकीची कुठे गेली? आणि का?

या ‘का’चं उत्तर एका नकाशात आहे.

१९३०च्या दशकातली महामंदी. लोकांचे हप्ते थकलेले, घरं जप्तीत निघालेली. रूझवेल्टच्या सरकारने १९३३ साली घरमालकांसाठी कर्ज महामंडळ काढलं आणि १९३४ साली ‘फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ म्हणजे एफएचए. एफएचए स्वतः कर्ज देत नसे. ती बँकेने दिलेल्या कर्जाला हमी देई. ही हमी फार मोलाची. ती असली की बँक थोड्या मार्जिनवर, कमी व्याजाने, लांब मुदतीचं कर्ज बेलाशक देते. अमेरिकेतला मध्यमवर्ग स्वतःच्या घरात राहू लागला तो या हमीच्या जोरावर. योजना उत्तमच होती.

पण हमी कुठल्या भागात द्यायची? महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवून घेतले. हिरवा भाग उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीला लागलेला आणि लाल धोक्याचा. कृष्णवर्णीय जिथे राहत ते भाग सहसा लाल. एफएचएच्या नियमपुस्तकातही वंशाची सरमिसळ हा मालमत्तेची किंमत घटवणारा धोका म्हणून धरलेला होता. कर्ज मागणारा माणूस कष्टाळू आहे का, त्याची नोकरी पक्की आहे का, हे प्रश्न नंतरचे. पत्ता लाल भागातला असला की अर्ज तिथेच थांबला. तारणाचं मूल्य पाहायचं सोडून बँका शेजाऱ्याच्या कातडीचा रंग पाहू लागल्या.

आता हिशेब पाहा. दक्षिणेतल्या जाचाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय शिकागोसारख्या शहरांत आले. हातात कारखान्याची नोकरी, पण घरासाठी कर्ज नाही. दलालांनी हीच संधी साधली. लॉनडेलच्या गोऱ्या मालकांना ते सांगत, ‘काळे लोक येताहेत, भाव कोसळणार, वेळीच विका.’ घाबरलेला मालक पडेल त्या भावाने विकून, एफएचएच्या हमीवर उपनगरात नवं घर घेई. दलाल तेच घर कृष्णवर्णीय कुटुंबाला जवळजवळ दुप्पट किमतीला विके. १९५० साली इथे सुमारे ८७ हजार गोरे होते. १९६० साली ११ हजारही उरले नाहीत. दहा वर्षांत एक अख्खं गाव बदललं.

आणि विक्री म्हणायची ती तरी कसली? तिला ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणत. डिपॉझिट द्यायचं, दरमहा हप्ता भरायचा, कर भरायचे, गळकं छप्पर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं. पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत विकणाऱ्याच्याच नावावर. मधे एक हप्ता चुकला तरी घर गेलं आणि आजवर भरलेलं सगळं बुडालं. मग तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला. म्हणजे मालकाची सारी जबाबदारी आणि भाडेकरूचाही हक्क नाही! माझ्यातल्या बँकवाल्याला सर्वांत झोंबली ती गोष्ट आणखी वेगळीच. हे घर खरेदी करायला दलालाला मात्र कर्ज मिळे. ज्या पत्त्यावर राहणाऱ्याला पत नव्हती, त्याच पत्त्यावर त्याला लुबाडणाऱ्याला पत होती.

एकच उदाहरण देतो. क्लाइड रॉस हे मिसिसिपीहून १९४७ साली शिकागोत आलेले गृहस्थ. महायुद्धात सैन्यात होते. इथे सूपच्या कारखान्यात कामाला लागले. १९६१ साली त्यांनी लॉनडेलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर घर घेतलं, साडेसत्तावीस हजार डॉलरला. विकणाऱ्याने तेच घर जेमतेम सहा महिन्यांपूर्वी बारा हजारांना घेतलं होतं. हप्ता भागवायला रॉसना एकावर एक नोकऱ्या कराव्या लागल्या. मुलांसाठी घर घेतलं आणि मुलांसाठी वेळच उरला नाही. २०१४ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात ता-नेहिसी कोट्स यांच्या गाजलेल्या लेखामुळे ही कहाणी देशभर गेली. एखाददुसराच बळी असेल असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो : ड्यूक विद्यापीठाच्या केंद्राने २०१९ साली केलेल्या अभ्यासानुसार, त्या दोन दशकांत शिकागोत कृष्णवर्णीयांना विकल्या गेलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के घरं कॉन्ट्रॅक्टवर होती. त्यात त्या समाजाचे तीन ते चार अब्ज डॉलर गेले.

माणसाने मग काय करावं? वरच्या मजल्यावर एकाऐवजी तीन बिऱ्हाडं कोंबायची. छप्पर गळतंय तर पुढच्या वर्षी बघू. नवरा दोन पाळ्या करतो, बायको नोकरीला, मुलं रस्त्यावर. दहा वर्षांत घराला कळा येते. आणि मग नकाशावाला म्हणतो, ‘बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?’

या प्रकरणाचं मर्म मला इथेच आहे असं वाटतं. वस्ती खराब होती म्हणून तिच्याभोवती लाल रेघ ओढली गेली असं नव्हे. आधी रेघ ओढली. खराबी मागून आली आणि रेघेची साक्षीदार बनली.

किंग हे ओळखून होते. जानेवारी १९६६ मध्ये ते दक्षिणेतून मुद्दाम इथे राहायला आले, हॅमलिन अव्हेन्यूवरच्या एका कळकट इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, सहकुटुंब. त्याच ऑगस्टमध्ये शिकागोच्या गोऱ्या वस्तीतून मोर्चा नेताना त्यांना दगड लागला. ४ एप्रिल १९६८ ला त्यांची हत्या झाली. लॉनडेल पेटलं, दुकानंच्या दुकानं खाक झाली आणि पुष्कळशी पुन्हा उभी राहिलीच नाहीत. सात दिवसांनी, ११ एप्रिलला, घरांच्या व्यवहारात वंशभेदाला बंदी करणारा कायदा झाला. पुढे कारखाने हलले. सिअर्सचं मुख्यालयही १९७३च्या सुमारास त्या नव्या उंच टॉवरमध्ये, शहराच्या मध्यभागी गेलं. किंगच्या पत्त्यावर आज त्यांच्या नावाची नवी इमारत आहे; २०११ साली झालेली, ४५ बिऱ्हाडांची. मी गेलो तेव्हा तिच्यासमोर शाळेच्या बसमधून पोरं दंगा करत उतरत होती.

पण या वस्तीने फक्त सोसलं असं समजू नका. १९६७ साली जॅक मॅकनमारा हा धर्मगुरू होऊ घातलेला तरुण, काही कॉलेजच्या मुलांना घेऊन, इथल्या चर्चच्या आश्रयाने राहायला आला. ही मुलं नोंदणी कचेरीत बसून जुने खरेदी-व्यवहार धुंडाळू लागली. कुठलं घर दलालाने केवढ्याला घेतलं आणि केवढ्याला विकलं, याचे आकडे घरोघर पोचले. तोवर प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच फसलो. लाजेपोटी शेजाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती लाज मोडली आणि १९६८ साली ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ उभी राहिली. क्लाइड रॉसही त्यात होते. शेकडो कुटुंबांनी हप्ते थकवले. नव्हे, सांगून रोखले. पोलीस घरातलं सामान रस्त्यावर काढत आणि शेजारीपाजारी ते उचलून परत घरात नेऊन ठेवत! कोर्टात १९७६ साली त्यांची हार झाली. वंशभेद सिद्ध झाला नाही असा ज्यूरीचा निकाल. पण तोवर शेकडो कॉन्ट्रॅक्टं बदलून घेण्यात, काही हजार डॉलर का होईनात, कमी करवण्यात लोकांना यश आलं होतं. पुढे याच पश्चिम भागातल्या गेल सिनकोटा या शिक्षण बेताचंच झालेल्या गृहिणीने बँकांच्या मागे असा लकडा लावला की, १९७७ साली अमेरिकेत कायदा झाला. बँक ज्या भागातून ठेवी घेते, त्या भागाची कर्जाची गरजही तिने भागवली पाहिजे. बँकवाल्यांनो, ठेवी सगळ्यांच्या चालतात, मग कर्ज का नाही? इतका सरळ प्रश्न.

दुपारी एका ग्रेस्टोनच्या पायऱ्यांवर टेकलो होतो. घरची वयस्कर बाई बाहेर आली. मी हलकंसं उठण्याचं केलं, तर हाताने ‘बसा’ म्हणाली. भारतातून आलोय, घरं बघतोय म्हटल्यावर तिला मौज वाटली. घर तिच्या वडिलांनी कॉन्ट्रॅक्टवर घेतलेलं. फिटलं कधी, हे तिला तारखेनिशी पाठ होतं. खरेदीखत हाती आलं त्या दिवशी वडील कामावर गेले नाहीत. दिवसभर याच पायरीवर बसून होते, इतकंच तिने सांगितलं. इथे गुन्हे होत नाहीत असं नाही, तिनेच मला चारच्या आत निघायला सांगितलं. पण कमानीखालचं दार तिने नुकतंच रंगवून घेतलं होतं.

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला खलनायक शोधायची सवय असते. इथे दलाल होतेच. पण ते किरकोळ. मोठा अन्याय केला तो टेबलाशी बसलेल्या, नियमाने वागणाऱ्या, संध्याकाळी मुलांसाठी खाऊ घेऊन घरी जाणाऱ्या माणसांनी. मी ती माणसं ओळखतो. मी त्यांच्यातलाच आहे.

आता ते टेबल. १९९४ साल. पुण्याजवळच्या औद्योगिक भागात एका शाखेचा मी मॅनेजर होतो. कारखान्यातला एक फिटर घरासाठी चाळीस हजारांचं कर्ज मागायला आला. पगारपत्रक ठीक, जागेचे कागद सरळ, आमच्याकडे त्याचं आठ वर्षांचं बचत खातं. घर मात्र ओढ्यापलीकडच्या वस्तीत. कुठल्याही परिपत्रकात त्या वस्तीचं नाव नव्हतं. पण शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं की तिकडे द्यायचं नाही. मी स्वतः तिकडे कधी गेलो नव्हतो. अर्जावर शेरा मारला : ‘स्थळ अयोग्य.’ दोन शब्द. खाली सही.

अमेरिकेतल्या कायदेशीर वंशभेदाची आणि माझ्या शेऱ्याची बरोबरी करावी असं मी म्हणणार नाही. तिथे सरकारी नकाशा होता. माझ्याजवळ नकाशा नव्हता. ‘सगळेच म्हणतात’ एवढं पुरलं होतं.

वर्षभराने तोच फिटर शाखेत आला. हातात पेढ्यांचा पुडा. घर झालं होतं, वास्तुशांत झाली होती. पैसे कुठून उभे केले, मी विचारलं. बाहेरून घेतले साहेब, म्हणाला, तीन टक्क्यांनी. म्हणजे महिना तीन टक्के. त्या वेळी आमच्या कर्जाचा दर वर्षाला पंधराच्या आसपास होता. तोंडात पेढा असताना मी मनातल्या मनात आकडे मांडले. बँकेचं व्याज महिन्याला पाचशे, सावकाराचं बाराशे. माझ्या दोन शब्दांची किंमत तो दरमहा सातशे रुपये मोजत होता. आणि वर मला पेढे देत होता.

पेढा चांगला होता, एवढंच मी त्याला म्हणालो.

शिकागोच्या त्या पायरीवर बसलो असताना ही रक्कम मला पुन्हा आठवली. संध्याकाळी घरी आल्यावर जावयांनी विचारलं, ‘‘मग, कसा आहे एरिया?’’ मी म्हटलं, ‘‘पुढच्या वेळी तुम्हीच चला. घरं फार सुंदर आहेत.’’